अडलेली

आईचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कुणातरी म्हाताऱ्याचा खालचा जबडा होता. प्लास्टरचा. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माणसांच्या तोंडाचे साचे आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही त्यांच्यावर मेण लावून एकेक दात बसवत जातो. माणूस कधी दिसत नाही, नुसता त्याचा जबडा दिसतो, आणि इतक्या वर्षांनी मला जबड्यावरून माणूस थोडाफार कळतोही. कोण रात्री दात खातो, कोण एकाच बाजूनं चावतो, कुणी वर्षानुवर्षं ओठ मिटून काढलीत. फोनवर आईचं नाव दिसलं आणि माझ्या हातातली तापलेली सुरी मेणात जरा जास्तच रुतली. आई कामावर फोन करत नाही. वडील गेले त्या दिवशीसुद्धा तिनं शेजारणीला निरोप द्यायला लावला होता. मागच्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा संध्याकाळी मी घरी पोचले तर बाई टॉवेलात हात गुंडाळून भाजी निवडत बसलेल्या. "फोन नाही का करायचा?" म्हटलं तर म्हणाली, "तू येऊन काय करणार होतीस? हाड का जोडणार होतीस?" त्यामुळे आता फोन म्हणजे काहीतरी भयंकर, असं धरूनच मी तो उचलला.

"ये," आई म्हणाली. "ठकी अडलीय."

ठकी म्हणजे आमची शेळी. आमची म्हणजे आईची. वडील गेल्यावर आईनं कुणालाही न विचारता ती आणली आणि घरामागच्या अंगणात पत्र्याचा आडोसा करून बांधली. आईचं लहानपण शेळ्यांत गेलेलं, म्हणून शेजारपाजारचे हसले तरी मी काही बोलले नाही. वाटलं, विरंगुळा होईल. झालाही. मी कामावरून आले की आई मागच्या दारी ठकीशी बोलत बसलेली असायची आणि माझी चाहूल लागली की गप्प व्हायची, दोन मैत्रिणींमध्ये तिसरी आली की होतं तसं.

"सकाळपासून कळा देतेय. पाणी जाऊनही बराच वेळ झाला. माझी बोटं वळत नाहीत गं," आई म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी होतं जे मला आधी ओळखू आलं नाही. बसमध्ये बसल्यावर कळलं, ती विनवत होती.

मालकीणबाईंना सांगायला गेले तर त्यांनी चष्मा वर केला. "घरी कुणी आजारी आहे का?"

"नाही, बाळंतपण आहे."

"अय्या! कुणाचं?"

"नात्यातलंच," मी म्हणाले आणि पिशवी उचलली. खोटं म्हणावं तर तेही नव्हतं. त्या घरात माझ्यापेक्षा ठकीचंच नातं जवळचं होतं.

बस रिकामी होती. दुपारच्या बसमध्ये बसण्याची मला सवय नाही, उन्हात ओळखीचे रस्तेसुद्धा दुसऱ्याच कुणाचे वाटतात. मी खिडकीला टेकून डोळे मिटले आणि मिटल्या मिटल्या आईचीच गोष्ट सुरू झाली. माझ्या जन्माची. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की तिच्यात आई कुठे थांबते, कुठे श्वास घेते, कुठे हसते, सगळं मला पाठ आहे. घरात पाहुणे आले, कुणाकडे बारसं असलं, कुणी नुसतं "पहिलटकरीण आहे" म्हटलं की आई पदर सावरून सुरू व्हायची. "याच्या वेळी मला कळलंसुद्धा नाही. फुलासारखा आला." याच्या म्हणजे दादाच्या. दादा मी पाहिला नाही. मी व्हायच्या आदल्या वर्षी तापानं गेला, नीट बोलायलाही लागला नव्हता. "आणि मग ही!" इथे आई माझ्याकडे न बघता माझ्याकडे बोट करायची. "उजाडलं, मावळलं, पुन्हा उजाडलं, तरी ही बाई काही येईना. डॉक्टर म्हणाले, आई तरी वाचवू. जीव घ्यायलाच आली होती ही माझा." बायका हळहळायच्या, मग हसायच्या, एखादी माझा गाल ओढून "काय गं, आईला छळलंस?" म्हणायची. मीही हसायची. लहान असताना मला खरंच वाटायचं की मी तिथे आत, अंधारात, मुद्दाम हातपाय रोवून बसले होते. पुढे मोठी झाले, गोष्टीतलं सगळं कळायला लागलं, तरी कुणी ती सांगायला लागलं की माझे हात आपोआप मांडीखाली जायचे.

मागचं दार उघडंच होतं. आई उलट्या बादलीवर बसलेली होती आणि ठकी गोणपाटावर आडवी पडून, मान आईच्या मांडीवर टाकून. डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजवत होती. दातांचा तो आवाज माझ्या ओळखीचा. वेदनेला तोंड नसलं की ती दातांत जाते. शेपटीखाली एक काळपट खूर दिसत होता, ओला, आणि त्याच्या मागे दुसऱ्याचं टोक. बाकी काही नाही.

"डॉक्टरांना केला फोन?"

"केला. जनावरांचे डॉक्टर बाहेरगावी गेलेत. कंपाउंडर म्हणतो, संध्याकाळपर्यंत आले तर आले. म्हणतो, तोवर घरात कुणाचे हात बारीक असतील तर बघा." आईनं माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, हातांकडे. "नखं काप. साबणानं कोपरापर्यंत धू. तेल लाव भरपूर."

मी बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या, नखं कापली, हात धुतले. आईनं बाटली उपडी करून माझ्या हातांवर तेल ओतलं. तिची बोटं मुळांसारखी वाकडी झालेली, बाटली धरतानाही थरथरत होती. एका क्षणी तिचा तळवा माझ्या मनगटावरून फिरला, तेल पसरवायला. किती वर्षांनी तिनं मला हात लावला असेल याचा हिशेब मनात सुरू झाला, तो मी मध्येच सोडून दिला.

"घाबरू नकोस हं," आई म्हणाली. मी "नाही घाबरत" म्हणणार होते, पण ती ठकीशी बोलत होती. "घाबरू नकोस माझी बाय. ही काही करणार नाही तुला. आलंच आता, आलंच."

आत इतकं गरम असेल असं मला वाटलं नव्हतं. तापात असलेल्या माणसाच्या तोंडात हात घालावा तसं. पहिल्यांदा काहीच कळेना, सगळं सारखंच निसरडं, सारखंच मऊ. मग कळ आली आणि सगळ्या बाजूंनी माझा हात असा आवळला गेला की मी ओरडलेच. "ओढू नकोस!" आई माझ्यावर खेकसली. "कळ आली की थांबायचं. तिला करू दे." आणि लगेच, त्याच श्वासात, दुसऱ्याच कुणाच्यातरी आवाजात, "हं, हं, दे जोर. शाब्बास गं माझी वाघीण." आईला असा आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे, मागच्या दारातून कधी कानावर पडायचा, पण दुरून. आता तो माझ्या कानाशी होता, माझ्या डोक्यावरून पलीकडे जात होता, जसा एखादा ताटातला घास आपल्यासमोरून दुसऱ्याच्या तोंडात जातो. शेळीचा हेवा करणारी बाई कशी दिसत असेल, असं मनात आलं. गुडघ्यांवर बसलेली, कोपरापर्यंत तेलात, अर्धे केस पांढरे झालेली.

कळ ओसरली. मी बोटं पुढे सरकवली. दोन पाय लागले, पुढचेच, गुडघे हाताला कळत होते. पण पायांवर टेकलेलं डोकं असायला हवं तिथे काही नव्हतं. नुसती एक जाड वळलेली दोरी. दोरी नाही, मान. मानेवरून बोटं मागे मागे नेली आणि माझ्या लक्षात आलं, की डोकं पूर्ण वळून कुशीकडे गेलंय. करडू बाहेर येण्याऐवजी मागे वळून बघत होतं.

"डोकं मागं गेलंय," मी म्हणाले.

आईनं ठकीची मान मांडीवर घट्ट धरली. मग म्हणाली, "पाय आत ढकल आधी. दोन कळांच्या मधे. जागा झाली की तोंड शोध आणि वळवून आण. हळू. आतून फाटली तर संपलं."

हे ऐकायला सोपं होतं. दर वेळी मी पाय आत सारायची, जरा जागा व्हायची, बोटांच्या टोकांना कान लागायचा, गालाचं हाड लागायचं, आणि कळ येऊन सगळं पुन्हा जिथल्या तिथे. माझा हात बधिर व्हायला लागला. भिंतीपलीकडे कुणीतरी कपडे आपटत होतं, रस्त्यावर एक गाडी सुरू होत नव्हती आणि तिचा मालक तिला पुन्हा पुन्हा सुरू करत होता. जगाला काहीच पडलेली नव्हती. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात नव्हता. आईनं पदरानं ठकीचं तोंड पुसलं. मी बघितलं. माझंही पुसावं असं काही मी म्हणाले नाही. पण मान जरा पुढे केली असावी, कारण आई म्हणाली, "उजेड अडवू नकोस."

मग एकदा बोट ओठांच्या फटीत गेलं. आत दात होते. खालच्या जबड्यात, पुढे, तांदळाच्या कणीएवढे, एका ओळीत. करडं दात घेऊन जन्मतात हे मला माहीत नव्हतं. आयुष्यभर मी दात गेलेल्या माणसांना दात बसवत आले आणि इथे कुणीतरी जगात यायच्या आधीच सगळी तयारी करून बसलं होतं. त्या क्षणी बोटांना भान आलं. काळोखात हरवलेल्या माणसाला ओळखीचं दार लागावं तसं. मी जबड्याच्या कोपऱ्यात बोट अडकवलं, तळव्यात ते सगळं इवलंसं तोंड झाकून घेतलं, म्हणजे दात आत कुठे लागायला नकोत, आणि वळवलं. थोडं, आणखी थोडं. काहीतरी सरकलं आणि डोकं माझ्या मुठीत घरंगळत आलं.

"आलं," मी म्हणाले. "आई, आलं!"

"आता कळेबरोबर ओढ. खालच्या बाजूला. खाली, खाली."

ते एकदम आलं, गरम पाण्यासकट, माझ्या मांडीवर. मोठं होतं, बोकड. जीभ बाहेर, निळी. मी नाकातोंडातला चिकटा काढला, गोणपाटानं खसाखसा चोळलं, मागचे पाय धरून झुलवलं, नाकात काडी घातली. आई सांगत होती ते आणि न सांगितलेलंही. त्या एवढ्याशा दातांवरून हवेचा कणही गेला नाही. मी चोळतच राहिले, इतकी की आई शेवटी म्हणाली, "पुरे. मघाशीच गेलं असणार ते." आणि ठकीच्या कपाळावर हात ठेवून, "तुझी काही चूक नाही हं. अजिबात नाही. केलंस ना तू सगळं."

मला वाटतं, तेव्हाच माझ्यात काहीतरी तुटलं. मेलेल्या करडापायी नाही. माझ्या जन्माची ती गोष्ट एवढ्यांदा सांगताना, एवढ्या बायकांमध्ये, एवढ्या हशात, एकदा तरी तिला हे वाक्य माझ्यासाठी आठवायला काय हरकत होती?

पण विचार करायला वेळ नव्हता. ठकीनं पुन्हा जोर केला आणि दुसरं करडू, ज्याची आम्हांला कुणालाच कल्पना नव्हती, मागचे पाय पुढे करून सरळ घसरत आलं. कुणाची मदत लागली नाही. बारकं, लटपटतं, आणि खाली पडता पडता शिंकलं. मादी होती. मी तिचं नाक पुसलं तर तिनं चक्क डोकं झटकून माझ्यावरच आवाज काढला, एखादं गंजलेलं बिजागर वाजावं तसा. मला हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदा. मी तिला उचलून ठकीच्या तोंडापुढे ठेवलं.

ठकीनं तिला हुंगलं. मग मान वळवली आणि पलीकडे पडलेल्या बोकडाला चाटायला लागली. पाठ, पोट, मिटलेले डोळे, ती निळी जीभ. मोठ्या मायेनं, मन लावून, घशात हुंकार देत. बारकी धडपडत, पडत उठत तिच्या कासेकडे गेली, तर ठकीनं न बघताच पाय झाडला. पुन्हा गेली, तर डोक्यानं ढुशी देऊन उडवली. बारकी भिंतीवर आपटली आणि तिथेच पाय फाकून उभी राहिली, काय झालं ते न कळून.

"अगं ए!" मी ठकीवर ओरडले. "जिवंत आहे ती! तिला घे ना!"

"तिच्यावर ओरडू नकोस," आई म्हणाली. "दमलीय. तिला अजून तोच हवाय." जराशानं म्हणाली, "त्याचं ओलं हिला चोळ. वास लागला की घेईल कदाचित."

मी मेलेल्या करडाला उचललं. ठकी माझ्या हातामागे मान लांबवून बघत राहिली. त्याच्या अंगावरचा सगळा चिकट ओलावा मी बारकीच्या पाठीला, डोक्याला, शेपटीखाली फासला. बारकी थरथरत उभी होती, करू देत होती. आणि फासता फासता मला तो निळा स्वेटर आठवला. आईच्या कपाटाच्या वरच्या खणात दादाचे कपडे होते, आणि थंडी पडली की त्यांतला निळा स्वेटर माझ्यासाठी निघायचा. माझा स्वतःचा लाल होता, मावशीनं विणलेला, नवाकोरा. तरी आई निळाच घालायची. घालून झाला की मला जवळ ओढायची, मानेपाशी, जिथे लोकर अंगाला लागते तिथे नाक खुपसून थांबायची. मला किती बरं वाटायचं! मी श्वाससुद्धा घ्यायची नाही. मग ती डोळे उघडायची, मला बघायची, आणि दूर सारायची. रागानं नव्हे. चुकून दुसऱ्याचीच पिशवी उचलावी आणि लक्षात आल्यावर ठेवून द्यावी, तसं. स्वेटर तोकडा झाला तरी मी हट्ट करून तोच मागत असे. घरात सगळ्यांना वाटायचं, पोरीला निळा रंग आवडतो.

बारकीला मी पुन्हा ठकीपुढे नेलं. ठकीनं हुंगलं. या वेळी थांबली, जीभ बाहेर आली, एकदा, दोनदा फिरली. आई पुढे झुकली. मीही. मग बारकी ओरडली, आणि तो आवाज ऐकताच ठकीनं डोळे मोठे केले आणि तिला ढुशी मारली.

"नाही घेत," आई शांतपणे म्हणाली. "काही जणी नाही घेत. जबरदस्तीनं माया होत नाही. दूध मात्र पाजता येतं. तिला भिंतीला लावून धर, पाय उचलू देऊ नकोस. पहिलं दूध पोटात गेलंच पाहिजे."

मी ठकीला उभी केली, खांद्यानं भिंतीशी दाबली, एका हातानं मागचा पाय धरला आणि दुसऱ्या हातानं बारकीचं तोंड सडाला लावलं. दोन-तीनदा निसटलं. मग लागलं. बारकीची शेपटी वेड्यासारखी हलायला लागली. ठकी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्या अंगातून येणारं गरम दूध जणू तिच्या ओळखीचं नव्हतं.

"मग माझं काय केलंस?" मी विचारलं. मी ठरवून विचारलं नाही. माझा गाल ठकीच्या पाठीला दाबलेला होता, आई मला दिसत नव्हती, म्हणूनच विचारता आलं असेल.

मला वाटलं, आईनं ऐकलं नसेल, किंवा ऐकलं असेल आणि आता ती "कशाचं काय?" म्हणून उठेल, बादली सरळ करेल, पाणी भरायला जाईल. ती उठली नाही.

"पाजलं ना," ती म्हणाली. "एकदाही चुकवलं नाही. तुला उपाशी नाही ठेवलं मी कधी."

"भिंतीकडे बघत?"

"कशाला विचारतेस आता?" तिचा आवाज थकलेला होता, चोरटा नव्हता. "व्हायचं ते आपोआप होतं, नाहीतर नाही होत. मी वाट बघितली. आज होईल, उद्या होईल. तुझा बाप म्हणायचा, होईल. मग तू शाळेत जायला लागलीस."

बस. एवढंच. तू शाळेत जायला लागलीस. पुढचं सगळं, माझ्या परीक्षा, माझी नोकरी, मोडलेलं लग्न, परत येऊन तिच्याच घरात काढलेली ही सगळी वर्षं, तिची औषधं, तिचं मनगट, हे त्या वाक्यानंतर कुठेतरी आपलं आपण होत राहिलं होतं. मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. उलट डोकं स्वच्छ झालं, कडू औषध घेतल्यावर जीभ होते तसं. निदान ती खोटं बोलली नव्हती. पण खरं बोलायलाही तिला ही शेळी मध्ये लागली होती, आणि आम्हा दोघींपैकी जास्त हळुवारपणे ती शेळीशीच बोलली होती.

अंगणातलं ऊन भिंतीवर चढत गेलं. बारकी पीत होती, थांबून श्वास घेत होती, पुन्हा पीत होती. तिचं पोट माझ्या मनगटाला हळूहळू घट्ट लागायला लागलं. ठकीनं एकदा पाय सोडवायचा प्रयत्न केला, मी सोडला नाही. दुसऱ्यांदा केला. मी खांदा आणखी रोवला, तिच्या बरगड्या मला कपड्यांतून कळत होत्या, सकाळपासून सोसलेलं तिचं सगळं अंग लाकडासारखं ताठ झालेलं. तिला मागे वळून बोकडाकडे बघायचं होतं. बारकीपासचा हात काढून मी ठकीचं शिंग धरलं आणि तिचं डोकं भिंतीला टेकवलं. गरज होती त्याहून जरा जास्तच जोरानं.

"हळू गं," आई मागून कळवळून म्हणाली. "तिला लागेल."

मी पकड सैल केली नाही. खाली बारकी पीतच होती.